विजेवरच्या शर्यती थांबल्या. मोटारसायकल घडवणाऱ्यांनी धावायचे कुठे?

विजेवर धावणाऱ्या मोटारसायकलींची 'मोटो-ई' ही जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२५ च्या हंगामानंतर स्थगित ठेवण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघ आणि संयोजक डोर्ना यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. प्रेक्षकांची साथ मिळाली नाही आणि वेगवान विद्युत मोटारसायकलींची बाजारपेठही अपेक्षेप्रमाणे वाढली नाही, असे कारण त्यांनी दिले. आयल ऑफ मॅन बेटावरील 'टीटी झीरो' ही शर्यत तर २०१९ नंतर झालेलीच नाही. युरोपातील या घडामोडींशी आपला काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पुण्यातील एका मोटारसायकल उद्योगाचा जन्म याच बेटावरच्या शर्यतीतून झाला, हे लक्षात घेतले तर या निर्णयाचे गांभीर्य कळते.

१२ जून २००९ रोजी आयल ऑफ मॅनच्या डोंगरी रस्त्यावर 'टीटीएक्सजीपी' ही केवळ विद्युत मोटारसायकलींसाठीची शर्यत झाली. अंतर एका फेरीचे, म्हणजे सुमारे ६०.७ किलोमीटर. पेट्रोलच्या गाड्या याच मार्गावर सहा फेऱ्यांची शर्यत करतात. विजेच्या गाड्यांना एकच फेरी देण्यात आली, कारण बॅटरीत त्याहून अधिक दम नव्हता. ही शर्यत ब्रिटिश स्वार रॉब बार्बर यांनी ताशी सरासरी सुमारे १४० किलोमीटर वेगाने जिंकली. त्यांची गाडी होती 'अग्नी' चमूची. तिच्या मोटरचे जनक सेड्रिक लिंच हे इंग्रज तंत्रज्ञ असले, तरी अग्नीच्या मोटर गुजरातेत तयार होत असत. त्याच शर्यतीत पुण्याहून आलेला आणखी एक चमू होता. कपिल शेळके आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी स्वतः बांधलेली गाडी तेथे उतरवली आणि आपल्या गटात तिसरे स्थान मिळवले. 'टॉर्क मोटर्स' ही कंपनी या अनुभवातून उभी राहिली.

वेगाचा हिशेब

विद्युत मोटारसायकल बांधणे एका अर्थाने सोपे आहे. इंजिन, गिअर, कार्ब्युरेटर यांची जागा मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी घेतात. सुटे भाग बाजारात मिळतात आणि जुन्या गाडीची चौकटही चालून जाते. अवघड असते ती वेगाने आणि दीर्घकाळ चालवण्याची गोष्ट. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. तेवढा प्रवाह बॅटरीतून खेचला की ती तापते. तापली की कंट्रोलर शक्ती कमी करतो. शहरातल्या वाहतुकीत हा दोष वर्षभर लपून राहू शकतो. शर्यतीत तो तिसऱ्या वळणावर उघडा पडतो.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातील बरीचशी उष्णतेच्या रूपाने वाया घालवते, हे खरे. तरीही मोटो-ईसाठी २०२३ पासून वापरलेल्या डुकाटीच्या गाडीचे वजन २२५ किलो होते आणि त्यातील ११० किलो एकट्या बॅटरीचे होते. तिची क्षमता अवघी १८ युनिट. इतक्या वजनाला वळणावर आवरणे आणि बॅटरी थंड ठेवणे, यातच अभियंत्यांचे सारे कसब पणाला लागते.

हे कसब किती झपाट्याने वाढू शकते, हे टीटी झीरोने दाखवले. २००९ मध्ये ताशी १४० किलोमीटर असलेली फेरीची सरासरी २०१९ मध्ये मायकेल रटर यांनी जपानी 'मुगेन' गाडीवर १९६ किलोमीटरपर्यंत नेली. त्याहून बोलकी घटना २०१८ मधली. त्या वर्षी नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेली गाडी दुसरी आली आणि मुगेनची दुसरी गाडी तिच्या मागे राहिली. एका बड्या कंपनीला विद्यार्थ्यांनी मागे टाकावे, हे पेट्रोलच्या शर्यतीत आज कल्पनेतही बसत नाही.

स्वाराची परीक्षा, कारागिराची नव्हे

मोटो-ईचे स्वरूप मात्र आरंभापासून निराळे होते. २०१९ मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा सर्वांना इटलीच्या एनर्जिका कंपनीची एकसारखी गाडी देण्यात आली. पुढे तिची जागा डुकाटीने घेतली. भारतातही टीव्हीएसने २०२३ मध्ये विद्युत शर्यतीची घोषणा केली, ती आपल्याच 'अपाचे आरटीई' गाड्यांसाठी. अशा शर्यतीत स्वाराचे कौशल्य पारखले जाते. गाडी कोणी आणि कशी घडवली, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. मोटो-ई बंद झाल्याचे दुःख म्हणूनच मर्यादित आहे. खरी हानी झाली ती टीटी झीरोसारखा सर्वांना खुला असलेला मार्ग बंद झाल्याने. स्पेनमधील 'मोटोस्टुडंट' या विद्यार्थी स्पर्धेत विद्युत गट आहे, पण गाडी पेटीत भरून अ‍ॅरागॉनपर्यंत नेण्याचा खर्च किती महाविद्यालयांना पेलवेल?

हा प्रश्न महानगरांपुरता नाही. जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा हे गाव घ्या. शहपुरा-भिटोनी स्थानकालगत पेट्रोलियमचा डेपो आहे. अशा गावांत मोटारसायकल हे हौशीचे नव्हे, शेती-व्यवसायाचे वाहन असते. येथल्या एखाद्या तरुणाने जबलपूरच्या १९४७ साली स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ताशी शंभर किलोमीटर धावणारी विद्युत मोटारसायकल बांधली, असे समजू. ती चालवायची कुठे? मोटर २५० वॉटपेक्षा मोठी असेल किंवा वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर असेल, तर मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र आणि आरटीओची नोंदणी यांशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. एका नमुन्यासाठी हा सोपस्कार कोणताही विद्यार्थी करू शकणार नाही. नियम चुकीचा आहे असे नव्हे. २०२२ मध्ये देशात विद्युत स्कूटरना आगी लागल्या, तेव्हा बॅटरीचे निकष आणखी कडक करणे भागच होते. पण मग बंदिस्त धावमार्ग हीच अशा गाडीची एकमेव कायदेशीर जागा उरते.

हा धावमार्ग त्याच्याच राज्यात आहे. इंदूरजवळच्या पीथमपूर येथे 'नॅट्रॅक्स' या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान मार्ग जून २०२१ मध्ये सुरू झाला. जबलपूरहून अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. विद्यार्थ्यांच्या चारचाकी 'बाहा' स्पर्धेने पीथमपूर गजबजते. दुचाकी बांधणाऱ्यांच्या खुल्या शर्यतीची तशी परंपरा तेथे रुजलेली नाही.

बाजाराचे चित्रही या उणिवेशी निगडित आहे. २०२४-२५ मध्ये देशात सव्वा कोटीच्या आसपास मोटारसायकली आणि ६८ लाखांहून अधिक स्कूटर विकल्या गेल्या. विजेच्या दुचाकींचा वाटा सुमारे सहा टक्के होता आणि त्यांत बहुतांश स्कूटरच होत्या. टॉर्कने पहिला नमुना २०१६ मध्ये दाखवला, पण 'क्रेटॉस' ही चार युनिटच्या बॅटरीची गाडी बाजारात आली ती २६ जानेवारी २०२२ रोजी. तेव्हा केंद्राचे अनुदान युनिटमागे १५ हजार रुपये, म्हणजे अशा गाडीला साठ हजारांपर्यंत होते. जून २०२३ मध्ये दर १० हजारांवर आणि कमाल मर्यादा किमतीच्या १५ टक्क्यांवर आली. एप्रिल २०२४ पासून गाडीमागे जास्तीत जास्त दहा हजार रुपये आणि पुढे 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेच्या दुसऱ्या वर्षी पाच हजार, अशी ती उतरत गेली. मोठ्या कंपन्यांनी हा धक्का स्कूटरच्या संख्येवर पचवला. मोटारसायकल घडवणाऱ्या लहान उद्योगांकडे तशी संख्या नव्हती.

अनुदान कायमचे राहणार नव्हतेच आणि राहूही नये. मात्र त्याच पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चाचणी संस्थांच्या आधुनिकीकरणासाठी ७८० कोटी रुपयांची तरतूद आहे. या संस्थांच्या धावमार्गांवर वर्षातून दोन दिवस विद्यार्थ्यांच्या गाड्यांसाठी राखून ठेवले आणि बॅटरी चार युनिटची, बाकी सारे बांधणाऱ्याच्या मर्जीने, एवढाच नियम केला, तरी शहपुऱ्याच्या त्या गाडीला शंभराचा काटा कायदेशीरपणे गाठता येईल. संयोजकांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न मग विम्याचा आणि अग्निशमन व्यवस्थेचा असेल. मार्च २०१९ मध्ये स्पेनमधील हेरेझ येथे मोटो-ईच्या सर्व गाड्या पहिल्या शर्यतीआधीच आगीत भस्मसात झाल्या होत्या. तरीही तो हंगाम त्याच वर्षी जुलैत जर्मनीत सुरू झाला.