टिकण्याचा प्रश्न आणि मारुती कांबळे

१

गेल्या काही वर्षांत मराठीतील चित्रपटविषयक लेखनात एक प्रकार चांगलाच रुजला आहे. एखाद्या नामवंत चित्रपटाला चाळीस किंवा पन्नास वर्षे पूर्ण झाली, की तो पुन्हा पाहायचा आणि 'आज तो टिकतो का?' या प्रश्नाला उत्तर द्यायचे. उत्तरे ठरलेली असतात. एका पक्षाच्या मते चित्रपट टिकतो, कारण त्यातील अभिनय, संवाद आणि आशय 'आजही तितकेच ताजे' आहेत. दुसऱ्या पक्षाच्या मते तो टिकत नाही, कारण स्त्रीविषयीची किंवा जातीविषयीची त्याची समज आजच्या जाणिवांना पुरी पडत नाही. पहिल्या उत्तराला स्मरणरंजनाचा वास येतो, दुसऱ्याला निकालपत्राचा. या दोहोंत दिसणारा विरोध वरवरचा आहे, असे मला म्हणायचे आहे. दोघांनीही कलाकृतीला साठवणीच्या वस्तूसारखे मानले आहे. एक जण बरणीचे झाकण उघडून 'अजून चांगले आहे' म्हणतो, दुसरा बुरशी दाखवतो. बरणीत काय भरले होते, कोणी भरले होते आणि इतकी वर्षे ती कोणाच्या फडताळात होती, हे दोघेही विचारत नाहीत.

हा मुद्दा तात्त्विक पातळीवर ताणत बसण्यापेक्षा एका चित्रपटाच्या आधारे तपासणे बरे. त्यासाठी मी 'सामना' निवडतो. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात तो दाखवला गेला. त्याला आता पन्नास वर्षे उलटून गेली आहेत. म्हणजे 'टिकतो का?' या परीक्षेला तो वयाने पात्र झाला आहे.

२

जब्बार पटेल यांचा हा पहिला चित्रपट. कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची, संगीत भास्कर चंदावरकरांचे, आणि निर्माते रामदास फुटाणे. फुटाणे हे नगर जिल्ह्यातील जामखेडचे, ही गोष्ट प्रस्तुत लेखात पुढे महत्त्वाची ठरणार आहे. साखर कारखानदार हिंदुराव धोंडे-पाटील (निळू फुले) यांच्या गावात एकेकाळचा गांधीवादी, आता दारूत बुडालेला एक मास्तर (श्रीराम लागू) येऊन पडतो. हिंदुराव त्याला आश्रय देतात, आपले साम्राज्य दाखवतात. लष्करातून गावी परतलेल्या मारुती कांबळेचे (मोहन आगाशे) काय झाले, हा प्रश्न मास्तरच्या कानावर पडतो आणि मग तो त्याला सोडत नाही. अखेरीस त्या एका प्रश्नाने हिंदुरावांची सत्ता कोसळते.

या चित्रपटातील गाव नगर जिल्ह्यातलेच आहे, असे मला सुचवायचे नाही. पण ज्या व्यवस्थेने हिंदुराव घडवले तिचा उगम याच जिल्ह्यात आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने लोणी येथे उभारलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून, सावकार आणि खाजगी कारखानदार यांच्या हातून सुटण्यासाठी केलेला तो एक असामान्य प्रयोग होता. त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत कारखान्याभोवती सोसायटी, दूधसंघ, बँक, शाळा, महाविद्यालय आणि मतदारसंघ यांची एक साखळी तयार झाली. मी स्वतः या साखळीच्या मुलखात शिकलो आणि शिकवतो. तेव्हा तिचे ऋण नाकारून तिच्यावर बोलण्याचा आव मला आणता येत नाही.

३

'सामना'विषयी जे लिहिले गेले, त्यात एक शब्द हमखास आढळतो, तो म्हणजे 'जुगलबंदी'. लागू आणि फुले यांच्या अभिनयाची जुगलबंदी हेच या चित्रपटाच्या थोरवीचे प्रमाण मानले गेले आणि 'टिकतो' म्हणणारे आजही याच आधारावर उभे राहतात. अभिनय असामान्य आहे, याबद्दल वाद नाही. मात्र माझ्या मते चित्रपटातील सर्वांत जुना झालेला भाग नेमका हाच आहे.

असे म्हणण्याचे कारण रूपबंधात आहे. दोन माणसे समोरासमोर बसवली की सत्ता ही माणसाच्या स्वभावाची गोष्ट होते. हिंदुराव रगेल आहेत, दिलदार आहेत, धूर्त आहेत, आतून कुठेतरी एकटे आहेत. निळू फुले हे सारे इतके भरून देतात, की त्यांच्या मागचा कारखाना हा त्यांच्या वैभवाचा देखावा होऊन राहतो. सभासद, संचालक मंडळ, उसाची नोंद, वार्षिक सभा, निवडणूक या यंत्रणेने हिंदुराव उभे केले. पण कथानकाला वळण देणारी शक्ती म्हणून ती येत नाही. पाथर्डी-जामखेडच्या दुष्काळी पट्ट्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून मुकादमाची उचल घेऊन दर हंगामाला निघणारे ऊसतोड कामगार, ज्यांच्या जोडप्याला हिशेबात 'एक कोयता' म्हटले जाते, त्यांच्यावाचून हे साम्राज्य एक गळीत हंगामही चालणार नाही. या सामन्यात त्यांना बाजू नाही.

सत्ता एका माणसात साठवली की तिचा शेवटही एका माणसात होतो. मास्तरची सदसद्विवेकबुद्धी हिंदुरावांच्या सदसद्विवेकबुद्धीला गाठते आणि हिशेब पुरा होतो. प्रत्यक्षात मात्र एक हिंदुराव गेला तरी संचालक मंडळाची जागा रिकामी राहत नाही. ज्या रूपबंधाने चित्रपटाला ताण दिला, त्यानेच त्याच्या सामाजिक आकलनाला मर्यादा घातली, हे 'जुगलबंदी'च्या कौतुकात कधी सांगितले गेले नाही.

४

मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न तर चित्रपटातून सुटून भाषेत शिरला. राजकीय भाषणांत, अग्रलेखांत, कुणी पक्ष सोडला किंवा एखादी योजना बारगळली, की तो विचारला जातो आणि श्रोते हसतात. कोणत्याही कलाकृतीच्या वाट्याला यापेक्षा मोठे टिकणे येत नाही. पण या टिकण्यात काय घडले? प्रश्न राहिला आणि मारुती कांबळे गेला. ज्याच्या मृत्यूविषयी विचारायचे होते, तो दुसऱ्यांदा नाहीसा झाला. या वेळी वाक्प्रचारात. म्हणून 'आजही टिकून आहे' हे विधान ऐकले की मला आधी भीती वाटते. टिकणे ही पुष्कळदा निरुपद्रवी होण्याची रीत असते.

काही काळापूर्वी पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना मी हा चित्रपट दाखवला. नंतरची चर्चा अपेक्षेप्रमाणे अभिनय आणि संवाद यांवर सुरू झाली. जामखेडकडचा एक मुलगा बराच वेळ गप्प होता. शेवटी त्याने विचारले, "सर, मास्तर गावात आलाच नसता तर?" वर्ग हसला नाही. मीही उत्तर दिले नाही. कारण त्या क्षणी माझ्यापाशी ते नव्हते.

त्या प्रश्नाने चित्रपटाची बांधणी एकदम उघडी पडते. मारुतीचे काय झाले ते गावाला ठाऊक आहे. पण मोठ्याने विचारतो तो बाहेरचा माणूस, ज्याची त्या गावात जमीन नाही, सोसायटीत खाते नाही, मुलगी द्यायची नाही, उद्या पाणी भरायचे नाही. मास्तरला गमवायला फक्त स्वतःचा जीव आहे. तो धाडसी आहेच, परंतु गावकऱ्याचे धाडस वेगळ्या प्रतीचे असावे लागते, कारण प्रश्न विचारून झाल्यावर त्याला त्याच गावात राहायचे असते.

५

जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. दिवसाढवळ्या घडलेल्या या घटनेने महाराष्ट्र हादरला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले; खटल्याच्या ओघात एकामागून एक साक्षीदार फितूर झाले होते. दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, समीक्षकाचे नाही. समीक्षकाने एवढेच नोंदवावे, की 'सामना'च्या निर्मात्याच्याच तालुक्यात, चित्रपटानंतर चार दशकांनी, एक मृत्यू सर्वांना ठाऊक होता आणि साक्षीच्या पिंजऱ्यात तो कोणालाच ठाऊक राहिला नाही.

चित्रपटाच्या बाजूने जाणारे उदाहरणही सांगितले पाहिजे. नेवासा तालुक्यातील सोनई येथे जानेवारी २०१३ मध्ये तीन दलित तरुणांचे खून झाले. तो खटला जिल्ह्याबाहेर, नाशिकच्या न्यायालयात चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये आरोपी दोषी ठरले. तेव्हा बाहेरून येणाऱ्या मास्तरची तेंडुलकरांना गरज भासली, ती केवळ मध्यमवर्गीय स्वप्नरंजनातून, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गावाच्या आत न्याय किती अवघड असतो, हे त्यांनी अचूक ओळखले होते. चूक पुढची आहे. बाहेरच्या माणसाची गरज का पडते, हा चित्रपटाचा विषय व्हायला हवा होता. तो त्याची सोय होऊन बसला.

आणि ही सोय फक्त पटकथेची नाही, प्रेक्षकाचीही आहे. शहरातला, सुशिक्षित, थोडासा अपराधी प्रेक्षक मास्तरमध्ये स्वतःला पाहतो. हिंदुराव तो नसतो, मारुती तो नसतो, गप्प राहणारे गावही तो नसतो. पन्नास वर्षे 'सामना' ज्या फडताळात जपला गेला ते याच प्रेक्षकाचे, आणि आपण समीक्षकही त्याच घरातले. त्यामुळे मास्तरच्या एकाकी धैर्याचे गुणगान आपण इतके केले, की गावाच्या मौनाचे वाचन करायचे राहून गेले.

६

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. 'सामना'त दलितांचा आवाज नाही, म्हणून तो आज बाद ठरतो, असे म्हणणारे अभ्यासक वस्तुस्थिती बरोबर सांगतात. पण तिथेच थांबतात. पात्रांची शिरगणती म्हणजे समीक्षा नव्हे. या चित्रपटाचा मध्यबिंदूच एक नाहीसा झालेला माणूस आहे. मारुतीची अनुपस्थिती ही त्यातली उणीव नसून त्याची मूळ कल्पना आहे. ती अनुपस्थिती कोणाला छळते, हे विचारले पाहिजे. ती छळते मास्तरला. मारुतीच्या वस्तीला तिचे काय होते, हे आपल्याला जवळून कळत नाही. दोष दाखवायचा तर तो इथे, दृष्टिबिंदूच्या या निवडीत दाखवला पाहिजे.

असा दोष दाखवायला आजच्या जाणिवांची उसनवारीही करावी लागत नाही. त्या काळानेच तो दाखवला होता. दलित पँथरची स्थापना १९७२ ची. 'सामना'नंतर चारच वर्षांत, १९७८ मध्ये, दया पवार यांचे 'बलुतं' आले. पवार याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील धामणगावचे. मास्तरच्या मध्यस्थीवाचून मारुती कांबळेची वस्ती स्वतः बोलू शकते, हे त्या पुस्तकाने सिद्ध केले. आणि खुद्द पटेल-तेंडुलकरांनी १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये 'सामना'चे उत्तर मागे घेतले. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या त्या चित्रपटात निळू फुले सत्ताधारी नाहीत, पत्रकार दिगू टिपणीस आहेत. त्यांना सगळे ठाऊक आहे. पण त्यांच्या प्रश्नाने कोणी कोसळत नाही, कोणी कबुली देत नाही. शेवटी भान हरपून हसत सुटतो तो साक्षीदारच. मधे आणीबाणी होऊन गेली होती. 'सामना'ची पहिली गंभीर समीक्षा ज्यांनी केली ते त्याचे कर्तेच होते, असे म्हणता येईल.

नगरमध्ये संज्ञापनशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झाला, खर्ड्याच्या घटनेच्या दोन महिने आधी. त्यात बाहेरून कोणी मास्तर येत नाही. डुक्कर धरायला लावलेला मुलगा गावाचे हसणे सोसतो आणि अखेरीस दगड भिरकावतो, तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने. 'फँड्री' आला म्हणून 'सामना' बाद झाला, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि चुकीचेही. 'फँड्री'ने प्रेक्षकाला मास्तरच्या खुर्चीतून उठवून गावाच्या गर्दीत उभे केले. तिथून 'सामना' पुन्हा पाहिला, की लागू आणि फुले यांच्या मागे उभी असलेली माणसे दिसू लागतात.

७

तेव्हा जुन्या चित्रपटांकडे परत जाण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो परतून आल्यावर गुणपत्रिका वाटण्याला. कलाकृतीने आपल्या काळाविषयी कोणता प्रश्न कोणत्या रूपात उभा केला, त्या रूपाने काय दाखवले आणि काय झाकले, पुढच्या कृतींनी आणि पुढच्या घटनांनी त्या झाकलेल्या भागाचे काय केले, हे शोधणे हे समीक्षेचे काम आहे. त्या शोधात 'सामना' थोर ठरतो की नाही, याची मला फारशी चिंता नाही. तो अजून कामाचा आहे. आणि त्याच्या बळाइतकाच त्याच्या चुकीमुळे कामाचा आहे.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी अजून नीट उत्तर देऊ शकलेलो नाही. मास्तर आला नसता, तर मारुती कांबळेचे काय झाले ते गावाने आपसात जपून ठेवले असते, वर्षानुवर्षे, कुजबुजत. ती कुजबुज कानावर यावी म्हणून चित्रपट पुन्हा पाहायचा असेल, तर विद्यार्थ्यांबरोबर मीही पुन्हा बसायला तयार आहे. या वेळी वर्गात पहिला प्रश्न त्या जामखेडच्या मुलाचाच असेल.