महादेवी कोणाची?

२८ जुलै २०२५ च्या रात्री शिरोळ तालुक्यातील नांदणी गावाने आपल्या हत्तिणीला निरोप दिला. महादेवी, जिला लोक लाडाने माधुरीही म्हणत, तेहतीस वर्षे तेथील जैन मठात होती. तिला गुजरातेत जामनगरच्या ‘वनतारा’ परिसरातील हत्ती केंद्रात हलविण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै रोजी दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. ती निघाली तेव्हा सारे गाव रडले. पुढच्या रविवारी हजारो माणसे नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत मूकपणे चालत आली. आमच्या काही विद्यार्थ्यांचे पालकही त्यांत होते.

त्याच आठवड्यात सहावीच्या वर्गात मी मातृपोषक जातकाची कथा सांगितली. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात ती रंगविलेली आहे. अंध आईची सेवा करणारा एक शुभ्र हत्ती वाराणसीच्या राजाने पकडून आणला. त्याला सजविलेली हत्तीशाळा दिली, उत्तम चारा दिला. हत्तीने एक घासही घेतला नाही. राजाने कारण विचारले, ते कळल्यावर त्याला सोडून दिले. कथा संपली आणि मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, महादेवीला नांदणीला आणलं तेव्हा तिची आई कुठं होती?”

मला उत्तर देता आले नाही. एवढ्या चर्चेत, एवढ्या भाषणांत हा प्रश्न मी कोणाच्याही तोंडून ऐकला नव्हता. वृत्तपत्रांनी तिचे वय छत्तीस वर्षे सांगितले होते. त्यातून तेहतीस वजा केले की तीन उरतात. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे बावीस महिन्यांचा आणि तीन वर्षांचे पिल्लू बहुधा अजून आईचे दूध पीत असते. मादी पिल्लू तर आयुष्यभर आई, आजी, मावश्यांच्या कळपातच राहते. वाट, पाणवठा, कोणत्या ऋतूत कोणते झाड खायचे, हे सारे ते थोरल्या हत्तिणीकडून शिकते. आमच्या वसतिगृहातही नवी मुले पहिल्या आठवड्यात उशीत तोंड खुपसून रडतात. पण दिवाळीच्या सुटीत ती एस.टी. धरून घरी जातात. महादेवीला ती सुटी कधी लागली नाही.

नांदणीकरांचे तिच्यावर प्रेम नव्हते असे मी म्हणणार नाही. ते होते आणि खरे होते. जैन धर्माची अहिंसा ज्या परिसराने पिढ्यानपिढ्या जपली, त्याला क्रूर ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु तिच्या अंगावरील जखमा, पायांचा आजार, वाढलेली नखे आणि सांध्यांचे दुखणे यांच्या नोंदी न्यायालयापुढील अहवालांत होत्या. मठाने त्यांचा प्रतिवाद केला, हेही नमूद केले पाहिजे. तरीही पाळीव हत्तींचे हे दुखणे जगभर एकच आहे. जंगलात हत्ती दिवसाचे सोळा-अठरा तास चरत, चालत असतो. त्याचा तळवा मऊ मातीसाठी घडलेला आहे. फरशीवर, सिमेंटवर, आपल्याच मलमूत्राच्या ओलीत तो वर्षानुवर्षे उभा राहिला की नखे फुटतात, तळवे कुजतात, सांधे धरतात. आणि एका जागी बांधलेला हत्ती जे अखंड डुलत राहतो, त्याला आपण कौतुकाने ‘नाचतो’ म्हणतो! तो कोंडलेपणाचा विकार आहे.

कोल्हापूरला हत्तींचे वेड जुने. मस्तावलेल्या हत्तीला डिवचण्याच्या संस्थानकालीन खेळाचे नाव शहरात आजही ‘साठमारी’ म्हणून टिकून आहे. २००७ मध्ये जोतिबाला सुंदर नावाचा हत्ती अर्पण झाला. पुढे वारणानगरला साखळदंडांत असलेल्या त्या कोवळ्या हत्तीसाठी देशोदेशींहून पत्रे आली आणि न्यायालयाच्या आदेशाने जून २०१४ मध्ये तो बंगळूरजवळच्या बनेरघट्टा येथे इतर हत्तींच्या सोबतीला गेला. त्या निकालावरून अकरा वर्षांत आपण काही शिकलो असतो, तर महादेवीचा निर्णय आपणच, न्यायालयाविना घेतला असता.

मठ सोडून प्राणिसंग्रहालयाकडे पाहिले तरी चित्र फारसे वेगळे नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच प्राणिसंग्रहालयांतील हत्ती वनविभागाच्या छावण्यांत हलविण्याचे निर्देश दिले होते. २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकातील एका अभ्यासाने युरोपातील प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचे मध्यम आयुष्य सुमारे एकोणीस वर्षे आणि म्यानमारमध्ये लाकडे ओढणाऱ्या हत्तिणींचे सुमारे बेचाळीस वर्षे दाखविले. कष्ट करणारी जगते आणि आयते खाणारी लवकर मरते, यावर आपण विचार करावा. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात शंकर नावाचा आफ्रिकन हत्ती एकोणतिसाव्या वर्षी मेला. झिंबाब्वेने तो १९९८ मध्ये भारताला भेट दिला होता. स्वजातीय सोबतीविना त्याने अनेक वर्षे काढली.

मोर्चातील लोकांचा राग मात्र मला समजतो. गरिबांचा, गावाचा हत्ती कायद्याने जातो आणि धनिकाच्या संग्रहात पोहोचतो, हे दृश्य संशय वाढविणारेच आहे. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यातच धार्मिक वा अन्य प्रयोजनासाठी पाळीव हत्तींच्या हस्तांतराची वाट मोकळी ठेवली. त्या वाटेवर राजापासून रंकापर्यंत सर्वांसाठी एकच मोजमाप हवे. हत्तीला किती जागा आहे, पायाखाली काय आहे, सोबतीला कोण आहे आणि हे पाहण्याची मुभा बाहेरच्या निःपक्ष पशुवैद्याला आहे काय? जामनगरलाही हाच प्रश्न विचारला पाहिजे.

आणखी एक गोष्ट अस्वस्थ करते. याच जिल्ह्याच्या आजरा, चंदगड भागात कर्नाटकातून आलेले रानटी हत्ती दोन दशकांहून अधिक काळ वावरत आहेत. तेथे कोणी अश्रू ढाळत नाही. तेथे फटाके वाजतात, कारण एका रात्रीत शेतकऱ्याचा ऊस, केळी, माड जमीनदोस्त होतात आणि भरपाईसाठी हेलपाटे पडतात. नांदणीच्या मोर्चातील बळापैकी थोडे जरी त्या शेतकऱ्याच्या वेळेवर भरपाईसाठी आणि हत्तींच्या वाटा मोकळ्या ठेवण्यासाठी वापरले गेले, तर मुक्त हत्तीही आपलाच वाटू लागेल.

नांदणीजवळ पुनर्वसन केंद्र उभारून महादेवीला परत आणण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये पुढे आला. ते केंद्र व्हावे. पण तेथे मातीची मोकळी जमीन, डुंबायला पाणी आणि दोन-तीन हत्तिणींची सोबत असावी. साखळी नसावी. मिरवणूक, आशीर्वाद, नाणे टाकून सोंड डोक्यावर ठेवून घेणे, यांना पूर्ण मज्जाव असावा. आणि महादेवीच्या रिकाम्या जागी नवे पिल्लू कोठूनही आणले जाणार नाही, एवढे लेखी असावे. या अटी मान्य नसतील, तर ती जेथे तिच्या जातीच्या सोबतीत आहे तेथेच राहू द्यावी, असे माझे मत आहे. ते माझ्या जिल्ह्यात लोकप्रिय होणार नाही, हे मी जाणतो.

आमच्या सहलीच्या सूचनापत्रात यंदा एक ओळ वाढविली आहे. रस्त्यावर वा देवळासमोर हत्ती दिसल्यास त्याच्या नावाने पैसे द्यायचे नाहीत. ती ओळ फळ्यावर लिहायला मी त्या मागच्या बाकावरच्या मुलीलाच सांगितले.