हिरवे आच्छादन म्हणजे अरण्य नव्हे

चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या आगारातून मार्च 2023 मध्ये निवडक सागवान अयोध्येला रवाना झाले. श्रीराम मंदिराच्या दारांसाठी आपल्या अरण्यातील लाकूड निवडले गेले, याचा विदर्भाला सार्थ अभिमान वाटला. या घटनेची एक शास्त्रीय बाजू मात्र फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. वाळलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन कर्बाचे, म्हणजेच कार्बनचे असते. त्या सागांनी कित्येक दशके हवेतून शोषलेला कर्ब दारांत बंदिस्त झाला. दारे टिकतील तोवर तो हवेत परतणार नाही. तेच लाकूड चुलीत गेले असते, तर साऱ्या संचयाचा एका दिवसात धूर झाला असता.

तेव्हा झाड तोडणे हे सरसकट पाप आणि झाड लावणे हे सरसकट पुण्य, ही शहरी सुशिक्षितांत रुजलेली समजूत तपासून पाहावयास हवी. झाड तोडल्यावर मागे काय उरते, हा खरा प्रश्न आहे.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2023 च्या अहवालानुसार देशातील वनांत सुमारे 728 कोटी टन कर्ब साठलेला आहे. त्यातील निम्म्याहून अधिक हिस्सा मातीत आहे, डोळ्यांना दिसणाऱ्या खोडांत आणि पानांत नाही. शतकानुशतके कुजत आलेल्या पाल्यापाचोळ्याची ही ठेव. निवडक पक्व झाडे काढली, तर सावली टिकते आणि ठेवीला फारसा धक्का लागत नाही. संपूर्ण पट्टा मोकळा केला, की माती उन्हात तापते, पहिल्या पावसात धुपते, सूक्ष्म जीव तिच्यातील कर्ब झपाट्याने हवेत सोडू लागतात. तेथे लावलेले रोप ती तूट भरून काढीपर्यंत एक पिढी सरते. त्यातही नुसत्या सागाचीच लागवड केली, तर त्याच्या रुंद पानांवरून ओघळणारे टपोरे थेंब उघड्या जमिनीवर आदळून धूप वाढवितात, हे वनशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक आहे.

अवर्षणाची कथा याहून गंभीर आहे. पाणी तुटले की झाड आपली पर्णरंध्रे मिटून घेते. बाष्प वाचते, पण त्याच वाटेने आत येणारा कर्बवायूही अडतो. झाड तगते, वाढत नाही. सागाच्या खोडात अशा वर्षाचे वलय अरुंद उमटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने सागाच्या वलयांवरून गत शतकांतील पावसाचा मागोवा घेतला आहे, तो याच आधारे. अवर्षण लांबले तर खोडातील जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि झाड उभ्याउभ्या वाळते. अमेझॉनच्या अरण्याने 2005 च्या अवर्षणात हेच भोगले. मिश्र, जुन्या अरण्यात खोल मुळे, दाट सावली आणि ओल धरणारी माती असल्यामुळे ते अधिक सोसते. एकसुरी लागवडीला हे बळ नसते.

आणि आपली मोजणी कशी चालते? एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर दहा टक्के छत्र दिसले, की उपग्रहाच्या चित्रात ते वनाच्छादन ठरते; मग तेथे हजार वर्षांचे अरण्य असो की निलगिरीच्या रांगा. या हिशेबाने देशाचे वनाच्छादन 21.76 टक्के भरते. आकडा घटला नाही म्हणून अरण्य घटले नाही, असे समाधान मानणे ही आत्मवंचना आहे.

गडचिरोलीत आज हाच प्रश्न उभा आहे. सुरजागड परिसरातील लोहखनिज प्रक्रियेसाठी 900 हून अधिक हेक्टर वनजमीन देण्यास केंद्राने 2025 मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. त्यात लाखाहून अधिक झाडे जातील. नक्षलवादाने दशकानुदशके पोळलेल्या या जिल्ह्याला रोजगार हवाच, आणि तो नाकारण्याचा अधिकार वातानुकूलित दालनातील पर्यावरणवाद्यांना नाही. परंतु अन्यत्र होणाऱ्या पर्यायी वनीकरणाने तेथील मातीतील ठेव परत येणार आहे काय? शासनाने झाडांची संख्या सांगावी, तसा मातीतील कर्बाचा ताळेबंदही मंजुरीपूर्वी मांडावा.

याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. बेटातील कोवळे बांबू राखून पक्वच काढावेत, एवढा साधा नियम पाळला की बेट पुनःपुन्हा फुटत राहते. वन म्हणजे मजुरीची जागा नसून गावाची मालमत्ता, ही जाण असली तरच तो नियम पाळला जातो. तिकडे आलापल्लीजवळ ‘वनवैभव’ नावाचा अवघा सहा हेक्टरांचा नैसर्गिक अरण्याचा तुकडा जतन केलेला आहे. 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. बल्लारपूरचे सागवान कशा अरण्यातून येत असे, हे पाहावयाचे असेल तर आज तेथे जावे लागते.