'असेल', 'होगा' आणि 'सेरा'

व्याकरणाने क्रियापदाच्या एखाद्या रूपाला काळाचे नाव दिले की ते रूप काळच सांगते, असे गृहीत धरण्याची सवय अभ्यासकांतही आढळते. स्पॅनिश भाषेत 'असणे' या अर्थाची 'सेर' व 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत. 'सेरा' व 'एस्तारा' ही त्यांची रूपे भविष्यकाळाची म्हणून शिकविली जातात. परंतु दारावर थाप पडल्यावर स्पॅनिश भाषक 'किएन सेरा?' असे विचारतो, तेव्हा थाप देणारा त्याच क्षणी दाराबाहेर उभा असतो. पुढे येणाऱ्या काळाशी त्या प्रश्नाचा काहीही संबंध नसतो. या वाक्याचा मराठी पर्याय शोधावा लागत नाही. तो 'कोण असेल?' हाच होय.

हे साम्य एका वाक्यापुरते नाही. 'एस्तारा एन कासा' म्हणजे 'तो घरी असेल'. 'सेरान लास त्रेस' म्हणजे 'तीन वाजले असतील'. 'आब्रा येगादो' म्हणजे 'तो पोचला असेल'. समोरच्याचे म्हणणे क्षणभर मान्य करून ते बाजूला सारण्याची लकबही दोन्ही भाषांत आहे. 'असेल श्रीमंत, पण...' असे मराठी माणूस म्हणतो. स्पॅनिश माणूस 'सेरा रिको, पेरो...' असे म्हणतो. या सर्व ठिकाणी रूप भविष्याचे असले तरी अर्थ तर्काचा किंवा सवलतीचा आहे. आंद्रेस बेल्यो या व्याकरणकाराने १८४७ साली प्रसिद्ध केलेल्या स्पॅनिश व्याकरणात अशा प्रयोगांना लाक्षणिक मानून त्यांची स्वतंत्र दखल घेतली. मराठी व्याकरणपरंपरेत 'काळ' व 'अर्थ' हा भेद पूर्वापार आहे. तथापि शालेय व्याकरणातील 'असेल' मात्र आजही काळाच्याच कोष्टकात बसविला जातो.

असे का घडते, याचे उत्तर रूपाच्या इतिहासात काही अंशी सापडते. स्पॅनिश 'कांतारे' (मी गाईन) हे रूप 'कांतार' हे धातुरूप व 'जवळ असणे' या अर्थाच्या क्रियापदाचे 'ए' हे रूप यांच्या संयोगाने सिद्ध झाले. मुळात 'मला गायचे आहे' असा त्याचा भाव होता. म्हणजे काळाआधी त्यात वक्त्याची वृत्ती होती. आज बोलीत, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, ठरलेल्या भविष्यासाठी 'बोय आ कांतार' हा प्रयोग रूढ आहे आणि जुने रूप तर्कासाठी अधिकाधिक वापरले जाते. मराठीतही निश्चित बेत सांगताना 'जाणार आहे' किंवा 'उद्या जातो' हेच प्रयोग तोंडी येतात.

अर्थात दोन्ही भाषा सर्वस्वी एकरूप नाहीत. भूतकाळाविषयीच्या तर्कासाठी स्पॅनिश वेगळे रूप वापरते. मराठीचे 'तेव्हा तीन वाजले असतील' पूर्वीच्याच रूपावर भागते. उलट मराठी जो भेद कटाक्षाने पाळते, तो स्पॅनिश पाळत नाही. 'सेरा मेदिको' या वाक्यातून 'तो डॉक्टर असेल' आणि 'तो डॉक्टर होईल' असे दोन्ही अर्थ निघतात.

हा शेवटचा मुद्दा समजून घ्यायला भिलाईतील रिसालीसारखी वसाहत पुरेशी आहे. १९५६ पर्यंत छत्तीसगडचा कारभार नागपूर या राजधानीतून चालत असे. १९५५ च्या सोव्हिएत करारानंतर भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबांबरोबर मराठी कुटुंबेही तेथे स्थिरावली. अशा घरातील मूल घरात 'असेल' म्हणते, घर विदर्भातले असल्यास 'असन' म्हणते, शाळेत 'होगा' म्हणते आणि बाजारात छत्तीसगढी 'होही' ऐकते. हिंदी 'होगा' हा 'सेरा'प्रमाणेच 'असेल' व 'होईल' या दोहोंना सामावून घेतो. 'घर में होगा' आणि 'कल जलसा होगा' यांतील फरक हे मूल प्रसंगावरून ओळखते. 'सेरा'मधील द्व्यर्थ त्याला नवा नाही.

असे असूनही आपल्याकडे स्पॅनिशचे अध्यापन मुख्यत्वे इंग्रजीच्या आधाराने होते. इंग्रजीतही भविष्यरूपाने तर्क व्यक्त होतो, पण मर्यादित प्रमाणात. एरवी त्या भाषेला 'बहुधा', 'असले पाहिजे', 'कोण जाणे' अशा अर्थाच्या शब्दांची जोड लागते. विद्यार्थी मग 'सेरा'चा हा प्रयोग अपवाद म्हणून पाठ करतो. जो नियम त्याच्या जिभेवर आधीच आहे, तोच त्याला परका वाटू लागतो.

भाषांतरात याची किंमत अधिक मोजावी लागते. लॅटिन अमेरिकन साहित्य मराठीत मोठ्या प्रमाणावर इंग्रजीच्या वाटेने आले. मूळ पात्र 'एस्तारा एन कासा' एवढेच म्हणते. इंग्रजीत त्याला शंकादर्शक शब्द चिकटतो आणि मराठीत 'तो कदाचित घरी असला पाहिजे' असे अवघडलेले वाक्य उतरते. त्यात शक्यता व निश्चिती एकमेकींशी भांडत राहतात. शिवाय 'असेल', 'असावा' आणि 'असणार' अशा तर्काच्या तीन पायऱ्या मराठीने जपल्या आहेत. त्यांतील कोणती घ्यावी, हा निर्णय मूळ वाक्याकडे पाहूनच करावा लागतो. मध्यस्थ भाषेत तो निर्णय अगोदरच कोणीतरी घेऊन टाकलेला असतो.

अनेक भाषांत भविष्यरूप तर्काकडे वळते. त्यामुळे या साम्यावरून स्पॅनिश व मराठी यांचे विशेष नाते सिद्ध होत नाही. परंतु अध्यापनासाठी नाते सिद्ध होण्याची गरजही नाही. भारतीय विद्यापीठांतील स्पॅनिशचे पाठ्यक्रम 'असेल' व 'होगा' यांपासून आरंभ करतील, तर शिकणाऱ्याचे श्रम वाचतील आणि मूळ भाषेतून थेट भाषांतर करणारी पिढी घडण्यास मदत होईल. रिसालीतील दुभाषी मूल जे नकळत जाणते, त्याला पाठ्यपुस्तकात जागा मिळणे हे या कामातील पहिले पाऊल होय.