विटेवरचं पाऊल

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भिवंडीतल्या कामतघरात रातोरात बिबट्या आला. आला तो मोबाइलवर. वऱ्हाळा तलावाच्या कडेला चिखलात उमटलेल्या पावलाचा फोटो आणि खाली मजकूर: सावधान, मुलांना बाहेर सोडू नका. सकाळी फिरायला येणारी मंडळी त्या दिवशी घरातच बसली. मी चष्मा आणि मोजपट्टी घेऊन गेलो. चार बोटं, प्रत्येक बोटापुढे नखाचं टोक रुतलेलं, पाऊल रुंदीपेक्षा लांबट. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. त्याचं पाऊल गोलसर उठतं आणि गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. हे पाऊल आमच्याच गल्लीतल्या कुत्र्याचं होतं. तो तिथेच सावलीत बसून माझ्याकडे बघत होता.

माझं आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात ताके तपासण्यात गेलं. टेबलावरून कापड सरकत राहतं आणि तुटलेली तार, जाड बाणा, तेलाचा डाग नजरेला टोचतो. चांगलं कापड दिसतच नाही, बिघडलेलं तेवढं दिसतं. शुक्रवारी कारखाना बंद. मग पडघ्यावरून आटगाव आणि तिथून तानसाच्या बाजूचं रान. आईचं माहेर तिकडचं. ताक्यावर तयार झालेली नजर तिथल्या धुळीवरही चालते, हे मला चाळिशीनंतर कळलं.

माझा भाचा अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात असतो. त्या राज्याकडे पंधरा लाख एकरांच्या आसपास सरकारी रान आहे, ते वन्यजीवांसाठी आणि शिकारीसाठीच राखलेलं. परवाना काढायचा आणि जायचं. त्याचा शेजारी हरणांचा हंगाम उघडायच्या कितीतरी आधीपासून सुट्टीच्या दिवशी तिथे नुसता भटकतो, बंदूक न घेता. नराने शिंगं घासून सोललेली साल, खुरांनी उकरलेली माती, ताज्या लेंड्या, पाण्याकडे जाणारी वाट, एवढंच तो बघतो. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, हा माणूस तुमच्यासारखाच वेडा आहे."

आपल्याकडे तसं रान नाही, आणि नकोच. आपल्याकडची माणसं आणि उरलेलं जंगल यांचा हिशोब मांडला तर एका हंगामात रान रिकामं होईल. मुंबई राज्यात १९५१ च्या कायद्याखाली शिकारीचे परवाने मिळत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते आवळत आणले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार संपली. माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. सशाचं मटण मी लहानपणी चवीने खाल्लंय, खोटं कशाला बोलू. तरी ती बंदूक गेली याचं मला दुःख नाही. दुःख वेगळंच आहे. साहेब मचाणावर बसून गोळी घालत आणि फोटोत उभे राहत. जनावर कुठून येणार हे ज्याने आदल्या दिवशी जमिनीवरून सांगितलेलं असे, तो फोटोत कधीच नसे. बंदुकीबरोबर आपण त्यालाही घरी पाठवलं.

असा माग काढणारा एक कातकरी माझ्या ओळखीचा आहे, मी त्याला मामा म्हणतो. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर सकाळी आम्ही गाडीवाटेने निघालो होतो. धुळीत रानडुकरांच्या खुरांची रांग होती. मी वाकून म्हटलं, रात्री गेलीत. तो उकिडवा बसला, हात न लावता बघत राहिला आणि म्हणाला, "रातचं नाय. दव पडल्यावर गेल्यात, पहाटचं." मग बोटाने दाखवलं. झाडावरून ठिबकलेल्या दवाचे बारीक खळगे सगळ्या धुळीवर होते, फक्त खुरांच्या आत नव्हते. मी तीस वर्षं ताके तपासले, पण तो खळगा मला दिसला नव्हता.

पुढे वाट करवंदीच्या दोन जाळ्यांमधून जात होती. तिथे मामा थांबला. एका खोडाची साल बोटभर रुंदीत घासलेली होती. पाचोळा बाजूला केला, तर खाली गाडीच्या क्लचच्या तारेचा फास. त्याने तो सोडवला आणि वेटोळं करून माझ्या हातात दिला, वनरक्षकाला द्यायला. कोणी लावला असेल, असं मी विचारलं. तो हसला. मीही पुन्हा विचारलं नाही.

आता रानात सगळीकडे जनावरं मोजायला कॅमेरे लागलेत. लागू देत. १९७२ च्या पहिल्या व्याघ्रगणनेत पावलांच्या ठशांवरून देशात १८२७ वाघ मोजले होते. २००५ मध्ये राजस्थानातल्या सारिस्कात वाघ कागदावर राहिले आणि जंगलात एकही उरला नाही, असं उघड झालं. ठशांवरून वाघ मोजणं मोडीत निघालं ते योग्यच झालं. पण मोजायला नालायक ठरलेली विद्या माग काढायला नालायक होत नाही. आजही दर चार वर्षांच्या गणनेत वनरक्षकाला आपल्या बीटात पंधरा किलोमीटर चालून मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा नोंदवाव्या लागतात. त्याला त्या ओळखायला कोण शिकवतं? चार दिवसांचं प्रशिक्षण आणि एक चित्रांचं पुस्तक! कॅमेऱ्याला समोरून गेलेलं जनावर दिसतं. पाचोळ्याखालची तार त्याला दिसत नाही.

आणि ज्याला दिसते, तो दिवाळीनंतर रानात नसतो. तो आमच्या भिवंडी तालुक्यात वीटभट्टीवर असतो, बायकामुलांसह, पावसाळ्याआधी घेतलेली उचल फेडत. म्हणजे पाणवठे आटतात, जनावरं उरल्यासुरल्या डबक्यावर गोळा होतात आणि फास नेमके तिथेच लागतात, त्या महिन्यांत रान वाचणारा माणूस चिखल तुडवत असतो. माझं म्हणणं एवढंच आहे: दिवाळी ते मृग या काळात अभयारण्याच्या आसपासच्या पाड्यांवरची अशी दहा-दहा माणसं वन खात्याने रोजावर घ्यावीत, भट्टीपेक्षा चार पैसे जास्त देऊन, आणि नव्या वनरक्षकांना त्यांच्या मागे चालायला लावावं. मागे, पुढे नाही.

यावर एक निवृत्त अधिकारी मला म्हणाले, ही तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखी गोष्ट. त्यांची भीती खोटी नाही. सशाला, डुकराला फास लावणारे त्याच पाड्यांवर आहेत. पण तमिळनाडूतले इरुला लोक कातड्यांसाठी साप धरायचे. कायद्याने ते थांबलं, तेव्हा १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तेच हात साप धरून, विष काढून, पुन्हा रानात सोडू लागले. सर्पदंशावरचं प्रतिविष त्या विषापासून बनतं. २०२३ मध्ये त्यांच्यातल्या दोघांना पद्मश्री मिळाली. किल्ली त्यांच्याकडे आधीपासूनच होती, संस्थेने फक्त तिचे पैसे द्यायला सुरुवात केली.

मागच्या फेब्रुवारीत मामाला भेटायला भट्टीवर गेलो. वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या रांगेत तो मला घेऊन गेला आणि एका विटेपाशी थांबला. तिच्यावर पाऊल उमटलं होतं, लहानसं, पाच बोटांचं. "उदमांजर," तो म्हणाला. "रोज येतंय, मुकादमाला ठाव नाय." कुत्र्या-मांजराची चारच बोटं उठतात, हे एव्हाना मलाही माहीत होतं. भाजून निघाल्यावर मुकादमाने ती वीट खराब म्हणून बाजूला टाकली. मामाने ती माझ्यासाठी ठेवली होती. आता ती कामतघरात माझ्या खिडकीत आहे, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारतो, कुत्र्याचं का?