जखमी पक्षी उचलताना

संक्रांतीच्या दिवसांत मानखुर्दच्या खाडीकाठी मांज्याने पंख कापलेले पक्षी सापडतात. जीवदयेने प्रेरित तरुण त्यांना हलकेच उचलतात, पाणी पाजतात आणि त्याच हाताने स्वतःचे डोळे चोळतात. ठाणे खाडीवर दूरदेशीचे पक्षी उतरलेले असतात तोही हाच ऋतू, आणि बर्ड फ्लूच्या वार्ता कानी येतात त्याही याच ऋतूत. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई, ठाणे, दापोली व बीड येथील मृत कावळ्यांत हा विषाणू आढळला होता. भारतातील त्याची पहिली नोंदही महाराष्ट्रातलीच, २००६ सालची, नवापूरच्या कोंबड्यांतील.

हा विषाणू पेशीत शिरतो तो तिच्या पृष्ठभागावरील सायलिक आम्ल नावाच्या शर्करेला चिकटून. ही शर्करा दोन धाटणींची असते. पक्ष्यांत एक, तर माणसाच्या नाका-घशात मुख्यत्वे दुसरी; म्हणूनच पक्ष्यांचा फ्लू माणसाला सहसा जडत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील नाजूक आवरणात मात्र पक्ष्यांसारखी धाटणी आढळते. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये एच७एन७ची बाधा झालेल्या ८९ जणांपैकी ७८ जणांचे डोळे आले होते. एका पशुवैद्याचा तर न्यूमोनियाने मृत्यू झाला.

सस्तन प्राणीही यातून सुटलेले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या एच५एन१ने दगावले. त्याच वर्षी अमेरिकेत तो दुभत्या गाईंत पसरला. गाईच्या कासेत पक्ष्यांच्या धाटणीची शर्करा विपुल असल्याने कच्च्या दुधातही विषाणू उतरला. टेक्सासमधील गोठ्यात काम करणाऱ्या एका बाधिताला लाल डोळ्यांखेरीज दुसरे लक्षणच नव्हते. (दूध उकळून घेण्याची घरोघरची रीत किती शहाणपणाची आहे, हे येथे ध्यानी यावे.)

वस्तू उचलता-ठेवताना सूक्ष्म जीवांची काळजी वाहणारी आदाननिक्षेपण समिती साधूंसाठी सांगितली आहे. पक्षी उचलणाऱ्या श्रावकाने तीच यतना स्वतःच्या देहाबाबतही पाळली, तर सेवेत उणेपणा येत नाही. हातमोजे, मुखपट्टी व डोळ्यांवर चष्मा असावा. पक्षी कापडात धरावा. नंतर साबणाने हात धुवावेत. जखम नसताना मान टाकलेला वा मेलेला पक्षी दिसल्यास त्याला हात न लावता महापालिकेला कळवावे. आणि पुढील दहा दिवसांत डोळे आलेच, तर औषधाच्या दुकानातून थेंब आणून गप्प बसू नये. डॉक्टरांना पक्षी हाताळल्याचे आवर्जून सांगावे. न सांगितल्यास ते साधी साथ समजून थेंबच लिहून देतील.