गोवा म्हणजे मागचा पडदा नव्हे!

काही सिनेमे इतके वाईट असतात की निदान लक्षात तरी राहतात. काही मात्र थिएटरातून बाहेर येऊन स्कूटरला किक मारेपर्यंत विसरले जातात. डेव्हिड धवन यांचा 2013 सालचा 'चश्मेबद्दूर' हा या दुसऱ्या जातीचा. एक मुलगी, तिच्यामागे तीन मित्र. दोघांची डाळ शिजत नाही, तिसऱ्याचे जमते, मग त्या दोघांच्या थापा, ताटातूट आणि शेवटी सगळे गोड. असल्या सिनेमावर इतक्या वर्षांनी कशाला लिहायचे, असे तुम्ही विचाराल. लिहायचे, कारण ही गोष्ट त्यांनी आणून टाकली ती आपल्या अंगणात.

मूळ सिनेमा सई परांजपे यांचा, 1981 सालचा. बेताच्या खर्चात केलेला आणि दिल्लीत घडणारा. 5 एप्रिल 2013 रोजी नवा लागला, त्याच दिवशी जुनाही दुरुस्त केलेल्या प्रतीतून पुन्हा पडद्यावर आला. तुलनेची आयतीच सोय झाली!

जुन्या सिनेमात दिल्ली नुसती दिसत नाही, ती काम करते. लल्लन मियाँची पानाची टपरी आणि तिथली थकलेली उधारी. दारोदार 'चमको' पावडर विकत फिरणारी नेहा. तालकटोरा बागेतल्या साध्यासुध्या भेटी. एवढ्या मोठ्या शहरात कोण कोणाला ओळखतो? म्हणून तर ओमी आणि जोमोच्या थापा खपतात. ती मुलगी खरी कोण, कशी, हे सिद्धार्थला सांगणारे तिसरे माणूसच जवळ नसते. म्हणजे कथेचा सारा डोलारा शहराच्या अनोळखीपणावर उभा आहे.

आता हाच डोलारा उचलून गोव्यात ठेवा. गोव्यात? जिथे नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न 'तूं कोणालो?' असा असतो? इथे मुलगी बाहेरगावाहून आलेली असली तरी ती कोणाकडे उतरली, कोणाबरोबर बोलली, हे तिन्हीसांजेपर्यंत वाड्यावर कळते. सकाळी मारलेली थाप दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकायची नाही. यातूनच केवढा विनोद निघाला असता! पण त्यासाठी गाव माहीत असावे लागते. यांना गाव नको होते, समुद्रकिनारा हवा होता.

मग गोव्याची खूण कोणती? तर एक जोसेफ आणि एक जोसेफाइन. 'बॉबी'तल्या जॅक ब्रागांझापासून (1973) हा साचा चालत आला आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात हिंदू 66 टक्के आणि ख्रिश्चन 25 टक्के. त्या 66 टक्क्यांना हिंदी सिनेमा बहुधा विसरतो, हे खरे. पण म्हणून उरलेल्या 25 टक्क्यांना न्याय मिळतो असे समजू नका. ज्याची तियात्रे आहेत, शेतीभाती आहे, कोर्टकज्जे आहेत, त्या माणसाची नावापुरती सोंगटी करून ठेवली आहे. आपण पडद्यावर नाही आणि तो असून नसल्यासारखा. अपमान दोघांचाही आहे.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या सिनेमाकडून एवढी अपेक्षा का? आणि नक्कल कोण करत नाही? बरोबर. नक्कल हा गुन्हा नव्हेच. देवलांचे 'संशयकल्लोळ' मुळात मोलियेरचे, इंग्रजीतल्या मर्फीकडून आलेले. 1916 साली ते संगीतासह रंगभूमीवर आले आणि आजवर टिकले. का? देवलांनी फाल्गुनरावाला आपल्या घरात जन्माला घातला म्हणून. त्याचा संशय, त्याची बायको, त्याचे शेजारी, सगळे इथले. परदेशी आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. प्रेमाचा त्रिकोण आणि कमी पैसा यांनी कोणतीही कलाकृती विसराळू होत नाही. सईबाईंच्याच 'कथा'मध्ये एक चाळ आणि तीन माणसे एवढेच भांडवल आहे, आणि त्यामागेही श. गो. साठे यांचे मराठी नाटक आहे. कलाकृती विसरली जाते ती बिऱ्हाड नसल्यामुळे.

खरा राग मात्र मुंबईवाल्यांवर काढून भागणार नाही. ते धंदा करतात. आपण काय करतो? शूटिंगची गाडी गावात शिरली की नटासोबत फोटो काढायला धावतो. 2004 पासून इफ्फी आपल्या दारी भरतो, त्याचे कौतुक मिरवतो. पण आपल्या वाड्यावरच्या प्रेमाची, अबोल्याची, जत्रेतल्या नजरानजरेची एक हलकीफुलकी गोष्ट पडद्यासाठी लिहायला बसत नाही. जत्रेला, काल्याला रात्र जागवून नाटके करणाऱ्या या मुलखात विनोद लिहिणाऱ्यांचा दुष्काळ आहे, हे कोणाला खरे वाटेल?

आपली गोष्ट आपण सांगितली नाही तर दुसरे सांगणारच, आणि त्यात आपण मागच्या पडद्यावरचे माड होऊन डुलत राहू. माडाला संवाद नसतात!